धुराची नोंद नव्हती

आमच्या भागातल्या माणसाला परमुलखात कुणी धंदा विचारला तर तो ‘गलाई’ म्हणतो, आणि सोनारकाम माहीत नसलेल्याला त्यातून काहीच कळत नाही. जुने, मोडके डाग वितळवायचे, त्यांतलं तांबं-चांदी वेगळं काढायचं आणि चोख सोनं सोनाराच्या हातात ठेवायचं, एवढंच हे काम. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांत पावसाचा भरवसा नाही. त्यामुळं घरातला एखादा पोरगा तरी बाहेरच्या राज्यात भट्टीवर जायचा, अशी रीतच पडली. दिवाळीत किंवा जत्रेला विट्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात या, पारावर तमिळ, मल्याळम, तेलुगू बोलणारी मराठी माणसं भेटतील.

१९७८ साली दहावी झाली आणि मी मामांबरोबर तमिळनाडूत गेलो. तिथल्या गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांतले काही, निदान त्यांची मुलं, अजून तिथंच आहेत.

भट्टीवर हात बसायला वेळ लागतो, पण मामांना माझ्या हाताची गरज आधी दुसऱ्याच कामासाठी होती. माझं अक्षर बरं होतं. मागच्या खोलीत एक लांबोडकी नोंदवही होती. आलेलं सोनं, गेलेलं सोनं, देणाऱ्याचं नाव-गाव, वजन, तारीख हे सगळं तिच्यात रोजच्या रोज चढलं नाही तर भट्टी बंद पडू शकत होती. मामा चौथी शिकलेले. त्यांच्या बोटांना कसोटीवरच्या रेघेवरून कॅरट कळायचं, पण रकाने भरायचे म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

ही वही होती १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याची. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण या देशात तेव्हा साध्या माणसाला सोन्याची लगड, बिस्कीट, पत्रा किंवा तार घरात ठेवायला बंदी होती. दागिने चालत; तेही सगळ्या कुटुंबाचे मिळून ४००० ग्रॅमच्या वर गेले की सरकारला कळवायचं. सराफाला परवाना, सोनं शुद्ध करणाऱ्याला परवाना, सोनाराला दाखला. मामांकडं सोनाराचा दाखला होता, आणि दाखलेवाल्याकडं एका वेळी ३०० ग्रॅमपेक्षा जास्त कच्चं सोनं सापडता कामा नये अशी अट. तिकडं तै हा तमिळ महिना लागला की लग्नांची झुंबड उडते. त्या दिवसांत ३०० ग्रॅम म्हणजे सकाळच्या दोन-तीन गिऱ्हाइकांचं काम. चौथा आला की त्याला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवायचं, आणि तो बिचारा अंगावर सोनं बांधून धर्मशाळेत रात्र काढायचा. त्याच्यापेक्षा आमच्या तिजोरीत ते सुखरूप राहिलं असतं, पण कायद्याच्या दृष्टीनं तिजोरीत गुन्हा होता आणि धर्मशाळेत नव्हता.

मामांनी याहून वाईट दिवस पाहिले होते. चीनबरोबरच्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण पडली आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना १४ कॅरटच्या वर घडवायचा नाही असा हुकूम निघाला. सोन्याची हौस कमी झाली की मागणी घटेल, मागणी घटली की चोरटी आयात थांबेल, असा दिल्लीचा हिशेब. कागदावर त्यात खोट काढता येत नाही. पण १४ कॅरट म्हणजे सोनं जेमतेम ५८ टक्के. रंग उतरलेला, धातू कडक, नक्षीला हट्टी. बायकांनी ते घ्यायचं नाकारलं. सरकारला वाटलं होतं लोक हलकं सोनं घेतील. लोकांनी उघड्यावर सोनं घेणंच थांबवलं, आणि ज्यांना घ्यायचं होतं ते मागच्या दारानं घेत राहिले. मधल्या मधे मेला तो सोनार. कित्येकांनी जीव दिला. मामा त्या काळाविषयी फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, “आमच्या वळीत सा दुकानं होती. वर्साच्या आत दोनच भाते हलत हुते.” १४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली. नियंत्रण मात्र नव्या कायद्याच्या रूपानं राहिलं, आणि पुढं मी त्याची वही लिहीत बसलो.

वही लिहिता लिहिता मी तो कायदा शिकलो. त्यातली एक गंमत अजून आठवते. सोनं चोख करायची आमची जुनी पद्धत अशी: डाग वितळवताना त्यात मुद्दाम चांदी घालायची, इतकी की एक भाग सोन्याला तीन भाग चांदी व्हावी. मग तो गोळा पातळ करून तेजाबात टाकायचा. तेजाब चांदी आणि तांबं खातं, सोन्याला शिवत नाही. तळाला विटकरी रंगाचा भुगा राहतो. तो धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत वितळवला की चोख सोनं. चांदी कमी घातली तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही, म्हणून हे एकास तीन. आता कायद्यात सोन्याची व्याख्या होती: नऊ कॅरट किंवा त्याहून जास्त कसाचं ते सोनं. आणि एकास तीनचा आमचा गोळा बरोब्बर सहा कॅरटचा! म्हणजे सकाळी वहीत चढलेलं सोनं दुपारी कायद्यातून गायब व्हायचं आणि संध्याकाळी तेजाबाच्या भांड्यात पुन्हा जन्माला यायचं. तपासणीचे साहेब नेमके दुपारी आले की मामा हळूच मला म्हणायचे, “सांग त्यास्नी, आत्ता आमच्याकडं सोनं न्हाई.” मी कधी सांगितलं नाही. साहेबांना व्याख्या माहीत असती तर पंचाईत नव्हती, पण त्यांना भांड्यातला गोळा दिसायचा आणि वहीतला आकडा दिसायचा, आणि दोहोंमध्ये गुंजभर फरक निघाला की चर्चा सुरू व्हायची.

फरक तर रोज निघणार. गलाईत घट येते. डागात लाख भरलेली असते, मळ असतो, मीना असतो. मुशीला कण चिकटतात. ते झारेकऱ्यानं पुढं कधीतरी राख धुतल्यावर हाती लागायचे. वहीला एवढंच माहीत होतं की जेवढं आलं तेवढं गेलं पाहिजे. मग आम्ही वहीला समजेल असं लिहायला शिकलो. घट किती दाखवली तर कुणी विचारत नाही, याचा एक आकडा सगळ्या बाजाराला ठाऊक होता, आणि तोच आकडा सगळ्यांच्या वह्यांत असायचा. प्रामाणिक आणि लबाड अशी दोन्ही माणसं एकच आकडा लिहीत होती. तपासायला आलेल्या साहेबांनाही हे माहीत होतं. त्यांचा चहा आणि चहाबरोबरचं जे काही असेल ते ठरलेलं होतं. ते वाईट होते असं मला वाटत नाही. असली वही ज्याच्या हातात तपासायला द्याल त्याचं हेच होईल.

एक बाई मात्र मी विसरलो नाही. पन्नाशीची, जवळच्या खेड्यातली. सासूनं दिलेलं एक जाड वळं घेऊन आली. गावातल्या एका सराफानं तिला सांगितलं होतं की याचा कस हलका आहे, आणि भाव पाडून मागितलं होतं. तिला खरं काय ते हवं होतं. मामांनी कसोटीवर घासून सांगितलं की चांगलं आहे. तिचा विश्वास बसेना. दगडावरच्या रेघेवर कुणी परक्यानं विश्वास का ठेवावा? ‘वितळवून दाखवा’ म्हणाली. मामांनी तिच्यासमोर वितळवलं, टंच काढला. सोनं खरोखर उत्तम निघालं. बाई खूश झाली, पदर पुढं केला आणि म्हणाली, “द्या. मुलीशी बोलते, मग ठरवते काय करायचं ते.”

तिथं घोडं अडलं. वळं होतं तोवर ते दागिना होतं. वितळवल्यावर ती गोळी कच्चं सोनं झाली, आणि कच्चं सोनं तिनं घरी नेणं हा गुन्हा. सोनं तेच, वजन जवळजवळ तेच, मालकीण तीच. फक्त आकार बदलला होता. मामांनी समजावलं. जितकं समजावलं तितकी ती घाबरत गेली. तिला वाटलं, हे परमुलखातले लोक आपलं सोनं ढापतायत. ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि उठेना. संध्याकाळी मामांनी शेजारच्या सोनाराला बोलावलं, त्याच्याकडून त्या गोळीचं ओबडधोबड कडं वळवून घेतलं, मजुरी स्वतःच्या खिशातून दिली आणि ते कडं तिच्या हातात ठेवलं. आता तो दागिना होता. तिनं ते पदराला बांधलं आणि वळूनही न बघता गेली. तिनं कुणाला फसवलं नव्हतं, कुठला कर बुडवला नव्हता, तिच्यामुळं कुणाचं एक पैशाचं नुकसान होणार नव्हतं. कायदा ज्यांच्यासाठी केला होता ते स्मगलर दहा तोळ्यांची बिस्किटं अरबी समुद्रातून गलबतांनी उतरवत होते, आणि त्यांच्यापैकी कुणी आमच्या पायरीवर येऊन बसत नव्हतं.

आमच्याकडं एक वयस्क सराफ यायचे. त्यांच्या पेढीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत राजाजींचा फोटो होता. १९५९ साली राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला तेव्हापासूनचे हे त्यांचे भक्त. परमिट-लायसन्स राज हा राजाजींचा शब्द ते मंत्रासारखा वापरायचे. मला वाचनाची आवड आहे हे कळल्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची इंग्रजी प्रत वाचायला दिली: हरकचंद रतनचंद बांठिया विरुद्ध भारत सरकार, १९६९. निम्मं डोक्यावरून गेलं, पण निम्मं कळलं. परवाना द्यायचा की नाही हे ठरवताना अधिकाऱ्यानं काय पाहायचं, तर त्या भागात आधीच किती सराफ आहेत, मागणी किती असेल असा त्याचा अंदाज आहे, अर्जदार ‘योग्य’ आहे का, ‘सार्वजनिक हित’ काय सांगतं. न्यायालयानं म्हटलं, हे निकष इतके मोघम आहेत की अधिकाऱ्याची मर्जी हाच कायदा होईल. ती कलमं गेली. नोकराच्या गुन्ह्याला मालक जबाबदार धरणारं कलम गेलं. सोनं घेऊन येणाऱ्याची ओळख पटवून घेण्याचं ओझं दुकानदारावर टाकणारं कलमही गेलं. मात्र सगळा कायदा रद्द झाला नाही. सोन्यावर नियंत्रण ठेवायचा संसदेचा अधिकार न्यायालयानं मान्य केला, आणि संसदेनं दुरुस्त्या करून गाडी पुन्हा रुळावर आणली. तो निकाल मालमत्तेचा आणि व्यवसायाचा अशा दोन मूलभूत हक्कांवर उभा होता. त्यातला मालमत्तेचा हक्क चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं १९७९ मध्ये मूलभूत हक्कांच्या यादीतून निघून गेला. सराफ त्या दिवशी जेवले नाहीत, असं त्यांचा मुलगा सांगायचा.

मला ते गृहस्थ आवडायचे. त्यांचं म्हणणं असं की सरकारनं चोर पकडावेत, रस्ते बांधावेत आणि बाजारात पाऊल टाकू नये. खोटा माल देणारा आपोआप बुडतो. हे ऐकताना मला एक अडचण होती. त्यांच्या पेढीचा डाग आमच्या मुशीत आला की वीस, फार तर साडेवीस कॅरटच्या वर कधी गेला नाही. बिलावर मात्र बावीस. आणि ते बुडाले नव्हते. तीन पिढ्या चालत आलेली, गावातली सगळ्यात विश्वासाची म्हणून नावाजलेली पेढी होती ती. कुठल्या पेढीचं सोनं किती उतरतं हे आम्हा गलाईवाल्यांना पाठ असतं, पण गिऱ्हाईक आमच्यापर्यंत पोचतच नाही. बाई आयुष्यात दोन-चारदा सोनं घेते, आणि ते मोडायची वेळ तिच्या नातसुनेवर येते. तोवर कोण कुणाला जाब विचारणार?

आणखी एक गोष्ट त्या काळात कुणाच्याच ध्यानात नव्हती, राजाजीभक्तांच्या नाही आणि साहेबांच्याही नाही. तेजाबात चांदी विरघळताना तांबूस-पिवळा धूर निघतो. घशात गेला की जळजळतं, आणि वर्षानुवर्षं गेला तर फुप्फुसात जे व्हायचं ते होतं. आमची भट्टी दाट वस्तीत, धुराडं बुटकं. मागच्या घरात एक शाळामास्तर राहायचे. त्यांच्या अंगणातली मोगऱ्याची झाडं पानांच्या कडांनी करपायला लागली आणि मास्तरांच्या लहान मुलीला खोकला जडला. ते आले, हात जोडून बोलले. मामांनी धुराडं उंच केलं. मग वारा फिरला की धूर पलीकडच्या घरात जायला लागला. मास्तरांनी नगरपालिकेकडं अर्ज दिला. त्याचं काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही. साहेब मात्र महिन्या-दोन महिन्यांनी त्याच धुरातून नाकाला रुमाल लावून आत यायचे आणि वहीतले ग्रॅम मोजून जायचे. आमच्या भांड्यात काय आहे याची सरकारला इतकी काळजी होती. त्या भांड्यातून बाहेर पडून दुसऱ्याच्या छातीत काय जातं, याच्यासाठी वहीत रकाना नव्हता.

सरकार किती असावं, यावर पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ वाद ऐकले. कमी असावं म्हणणारे आणि जास्त असावं म्हणणारे दोघंही मला त्या वहीपाशी आणून सोडतात. माझ्याच सोन्याचा माझ्याच घरातला आकार सरकारनं ठरवू नये, इथं मी राजाजींच्या बाजूला. पण मास्तरांच्या मुलीच्या खोकल्यात सरकारनं पडायला हवं होतं. तिथं बाजार काही करणार नव्हता. धूर बाजारात विकला जात नाही. मामांसारखा भला माणूसही धुराडं उंच करून थांबला. त्याच्या पुढच्या खर्चाला ते तयार नव्हते, आणि त्यांना भाग पाडणारं कुणी नव्हतं. मामांचा शेवटही दम्यानंच झाला.

१९९० च्या अर्थसंकल्पात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा झाली आणि जूनमध्ये तो गेला. अर्थमंत्री होते मधु दंडवते, राजापूरचे खासदार, आयुष्यभर समाजवादी. राजाजींच्या पक्षाला जे जमलं नाही ते एका समाजवाद्यानं केलं, याचा आमच्या सराफांना आनंद झाला की अपमान वाटला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढं १९९२ मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं उघडपणे आणायची मुभा मिळाली, आणि गलबतवाल्यांचा नफा आटला. २७ वर्षं नियम, धाडी आणि वह्या यांना जे साधलं नाही ते एका सवलतीनं बरंचसं साधलं. मात्र यातून दिल्ली कायमची शिकली असं म्हणवत नाही. २०१३ मध्ये आयात शुल्क दहा टक्क्यांवर नेलं, २०२२ मध्ये पंधरावर. दर वेळी विमानतळांवर पोटात, पट्ट्यात, इस्तरीत लपवलेलं सोनं सापडल्याच्या बातम्या वाढल्या. जुलै २०२४ मध्ये शुल्क एकदम सहा टक्क्यांवर आलं, तेव्हा आमच्या लोकांनी ‘आता बघा’ एवढंच म्हटलं.

हॉलमार्कची गोष्ट निराळी. भारतीय मानक ब्यूरोचा सोन्यावरचा हॉलमार्क २००० साली आला, तोही ऐच्छिक. वीस वर्षं ज्याला हवा त्यानं मारला. मोठ्या शहरांत रुजला, लहान गावांत नाही. कारण जिथं सगळेच बावीस सांगून वीस देतात, तिथं एकट्यानं खरं बावीस द्यायचं तर भाव चढा दिसतो आणि गिऱ्हाईक शेजारी जातं. जून २०२१ पासून आधी २५६ जिल्ह्यांत सक्ती झाली. मग दर डागावर सहा अक्षरी-अंकी वेगळा क्रमांक आला. त्याविरुद्ध त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशभरच्या सराफांनी एक दिवस दुकानं बंद ठेवली. काम खोळंबतं, डाग नाजूक असेल तर खराब होतो, उद्या सरकार प्रत्येक डागाचा माग काढेल, अशा तक्रारी होत्या. पहिल्या दोन खऱ्याच होत्या. तिसरीचा मी जास्त विचार केला, कारण वही लिहिलेला हात माझा आहे. तो क्रमांक मोबाइलमध्ये घातला की कोणत्या नोंदणीकृत सराफानं विकला, कोणत्या केंद्रानं तपासला, कस किती, हे दिसतं. विकत घेणाऱ्या बाईचं नाव त्यात नाही. जुन्या वहीत पहिलाच रकाना बाईच्या नावाचा होता. जो विकतो आणि ‘हे बावीस आहे’ म्हणतो, त्याच्या शब्दाची परीक्षा घ्यायला माझी हरकत नाही. आज त्या क्रमांकापुढं गिऱ्हाइकाचं नाव जोडायला घेतलं, तर मीही दुकान बंद ठेवायला जाईन.

आता भट्टी माझा भाचा चालवतो. त्याच्याकडं क्ष-किरणांचं यंत्र आहे. डाग न मोडता मिनिटभरात कस सांगतं. ती वळंवाली बाई आज आली असती तर वळं तसंच घेऊन गेली असती. पण भाच्याची झोप उडवणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती आम्हा सगळ्या गलाईवाल्यांची आहे. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात, चोर सापडतो. पोलीस त्याला घेऊन गाडीनं फिरतात. तो एखाद्या भट्टीकडं बोट दाखवतो. खरंच तिथं विकलेलं असतं किंवा नसतं. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या दुकानात अशी गाडी आली. स्थानिक ठाण्याला कळवलेलं नव्हतं. जेवढं सोनं चोरीला गेलं होतं तेवढं ‘काढून दे, नाहीतर चल’ असा मामला. भाच्यानं दिलं, दुसऱ्या गिऱ्हाइकांचं दिलं, आणि ते पुढं स्वतः भरून काढलं. जप्तीची पावती मागितली तेव्हा मिळालेलं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.

सुवर्ण नियंत्रण जाऊन पस्तीस वर्षं झाली, पण सीमाशुल्क कायद्याचं १२३ वं कलम आहे तसं आहे. चोरट्या आयातीचं असल्याच्या संशयावरून सोनं जप्त केलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडून जप्त झालं त्याची. एरवी बहुतेक गुन्ह्यांत आरोप करणाऱ्यानं पुरावा द्यायचा; इथं उलटं. बंदरावरच्या बिस्किटांसाठी केलेलं हे कलम, पण त्याची सावली प्रत्येक भट्टीवर पडते. पोलिसांचा कायदा वेगळा असला तरी त्यांची समजूत तीच असते: सोनं तुझ्याकडं आहे, तर तूच सांग कुठून आणलंस. म्हणून भाचा आता प्रत्येक विकणाऱ्याची आधारची झेरॉक्स घेतो, फोटो काढतो, सही घेतो. विकणाऱ्याची ओळख पटवायचं ओझं दुकानदारावर टाकणारं कलम सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये काढून टाकलं होतं; भाच्यानं ते स्वतःहून स्वतःवर घातलंय. “मामा, झेरॉक्स घेतली न्हाई तर मी आत, घेतली तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात,” तो म्हणतो. त्याचं कपाट परक्या माणसांच्या आधारच्या नकलांनी भरलंय, आणि उद्या त्या नकलांचा कुणी गैरवापर केला तर तोही त्याच्याच माथी.

यंदा गावच्या जत्रेला बाहेरगावचे सगळे जमतील तेव्हा एका वकिलाला बोलवायचं ठरलंय. बाहेरचे पोलीस आले तर आधी स्थानिक ठाण्यात नोंद झाली का हे कसं विचारायचं, पंचनाम्याशिवाय सोनं हातचं का सोडायचं नाही, पावती नाकारली तर त्याच दिवशी कुणाकडं लेखी तक्रार करायची, हे तो पोरांना समजावून सांगणार आहे. हक्काचं पुस्तक घरात असून भागत नाही. गाडी दारात उभी असताना तोंडातून वाक्य निघावं लागतं.

त्याच बैठकीत मी आणखी एक विषय काढणार आहे. तेजाबाचा धूर पाण्यातून धुऊन सोडणारी यंत्रणा आता मिळते. एकेकट्याला खर्च जड जातो, पण एका गल्लीतल्या तीन-चार भट्ट्यांनी मिळून बसवली तर परवडते. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, अजून कुणी साहेब त्यासाठी आलेला नाही. वकिलाच्या वेळी मांडव भरणार यात शंका नाही. या विषयाला किती जण बसून राहतात ते बघायचं.